वाटणीतला कॉम्प्युटर

टेबलाखालच्या यूपीएसनं एकदाच ‘टीं’ केलं आणि मधल्या खोलीतली दुपारची शांतता मोडली. लाइन क्षणभर गेली आणि आली, पण त्या यूपीएसची बॅटरी केव्हाचीच नावापुरती उरली होती. कॉम्प्युटर बंद पडला आणि आपला आपण पुन्हा सुरू झाला. खाटेवर पडलेल्या सासऱ्यांनी, रूपरावांनी, कूस बदलली. चटईवर झोपलेल्या रक्षानं नुसता पायाचा अंगठा हलवला. मयुरी हात आखडून पडद्याकडे पाहत राहिली. आता कॉम्प्युटर नेहमीप्रमाणे विचारेल, कोणाचा भाग उघडू, मग आपण सांगू.

त्यानं काहीच विचारलं नाही. काळा पडदा आला, गेला, आणि सरळ तान्ह्या पोळ्याचा फोटो समोर आला. लाकडी बैलाची दोरी धरून उभी असलेली तिची पोर, रक्षा. म्हणजे मयुरीचा भाग उघडला होता, कोणाला न विचारता, क्षणभरही न थांबता.

खरं सांगायचं तर तिला एवढंसं बरं वाटलं. मग ते बरं वाटणंच तिला खटकलं.

कारण तो कॉम्प्युटर तिच्या एकटीचा नव्हता. अल्लीपूरच्या त्या घराची वाटणी मागच्या अक्षय तृतीयेच्या तोंडावर झाली होती. सोयरेधायरे बसले, वावराचे दोन भाग झाले, गोठा वाटला, अंगणात छातीइतकी भिंत उभी राहिली. विहीर काही वाटता येईना, म्हणून तिच्या मोटारीला पाळी लागली, एक दिवस थोरल्या आदेशची, एक दिवस धाकट्या रोशनची. मधली खोली म्हाताऱ्या बापाला, रूपरावांना, राहिली. तिला दोन दारं, एक थोरल्याच्या घरात उघडणारं, एक धाकट्याच्या. आणि त्याच खोलीत टेबलावर हा कॉम्प्युटर, घर एक असताना आलेला.

पुरुषांना त्याचं काही काम नव्हतं. तो वापरायच्या दोन्ही जावा. मयुरी सावंगी मेघ्याची पोर, कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून या घरात आलेली. वर्ध्याच्या एका छापखान्याची पुस्तकं टाइप करून द्यायची. आणि थोरली जाऊ कोकिळा, दहावीवर लग्न झालेली, ब्लाउजवरच्या भरतकामाची चित्रं काढायची. माउस धरायलाही मयुरीनंच शिकवलं होतं तिला, हातावर हात ठेवून. पहिल्यांदा एक वेल न तुटता काढली तेव्हा कोकिळानं सगळ्या घराला बोलावून दाखवली होती. मोर आणि कोयऱ्या तिनं कधी काढल्या नाहीत. ती काढायची तुरीची शेंग, पऱ्हाटीचं म्हणजे कपाशीचं फूल, हरभऱ्याचे घाटे. हिंगणघाटचा मशीनवाला ती चित्रं घेऊन कापडावर उतरवायचा आणि बाया विचारत यायच्या, ही वेल कोणाच्या हातची म्हणून.

वाटणीच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, आन हे मशीन? रोशन म्हणाला, राहू द्या दोघीत. आदेश म्हणाला, सामाईक ठेवलं का उद्या कटकट. त्या वेळी मयुरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला ठाऊक होतं की एकाच कॉम्प्युटरवर दोघींना दोन वेगळे पासवर्ड दिले की झालं, एका घरातल्या दोन खोल्यांसारखं. तिनं तसं अर्धंमुर्धं सांगितलंही. पण रूपराव म्हणाले की खोल्या नको, भिंत पाहिजे, आणि बैठक पुढच्या गोष्टीकडे वळली.

मग मयुरीनंच ती भिंत घातली. हार्ड डिस्कचे दोन भाग केले, दोन्हीत वेगवेगळं लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी यंत्रणा, टाकलं. त्या दिवसापासून कॉम्प्युटर सुरू झाला की आधी काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या आणि कोणाच्या घरात जायचं ते विचारायच्या. वर ‘आदेश’, खाली ‘रोशन’. वाटणीत थोरल्याचं नाव आधी वाचतात, तसं. वाटा ज्याच्या नावे, ओळ त्याच्या नावे. यात काही वावगं आहे असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही, लिहिणाऱ्या मयुरीलासुद्धा. थोडा वेळ कोणी बटण दाबलं नाही, तर वरची ओळ आपोआप उघडायची.

इथवर ठीक होतं. पण मयुरीनं दोन्ही भागांत एक टूलही टाकून ठेवलं होतं. त्यात या ओळी माउसनं धरून वरखाली करता येत. कधी लागलं तर असावं, एवढाच तिचा विचार. वाटणी होऊन महिना झाला नसेल, एक दिवस रोशननं गंमत म्हणून आपली ओळ वर नेली. दोन दिवसांनी ती खाली दिसली. आदेशभाऊंनी आपल्या पोरीकडून, अपेक्षाकडून, तिकडच्या टूलमधून ती खाली ओढून घेतली होती. मग परत इकडून. परत तिकडून. कोणी कोणाला एका शब्दानं बोललं नाही. सकाळी कॉम्प्युटर लावला की वर कोणाचं नाव आहे यावरून मयुरीला कळायचं, काल दोघा भावांत पाण्याच्या पाळीवरून काही झालं की नाही.

याचा तिला वीट आला होता. म्हणून आज रक्षा निजल्यावर, तासाभराची उसंत हाती होती तेव्हा, तिनं टूल उघडलं आणि असं ठरवून दिलं की वरचं-खालचं काही नको. ज्याचं काम शेवटी झालं, त्याची ओळ आधी. दोन्हीकडून ओढाओढीत साचलेल्या जुन्या, दुबार ओळी पुसल्या आणि सेव्ह केलं. तेवढ्यात लाइन गेली.

“डायरेक्ट तुह्यंच उघडलं वाटते आज?”

कोकिळा पलीकडच्या दारात उभी होती. हाताला कणीक, पदर खोचलेला. मयुरी दचकली, आणि तोंडावरचं ते मघाचं बरं वाटणं झटकायला तिला वेळ मिळाला नाही. कोकिळानं ते पाहिलं असावं.

गावातल्या नलूच्या पोरीचं, काजलचं, लग्न ठरलं होतं. तिच्या ब्लाउजसाठी हरभऱ्याच्या घाट्यांची वेल कोकिळा आठवडाभर काढत होती. आज तिचा शेवटचा हात फिरवायचा आणि वावरातून आल्यावर आदेशभाऊ पेन ड्राइव्ह घेऊन हिंगणघाटला जाणार, असं ठरलं होतं. कणकेचे हात पदराला पुसत ती खुर्चीपाशी आली आणि म्हणाली की दे मले, माह्यं लाव.

मयुरीनं कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. काळा पडदा, आणि परत लाकडी बैल.

“आमची ओळ?” कोकिळानं विचारलं.

मयुरीनं आणखी एकदा लावून पाहिलं. टूल उघडून पाहिलं. त्यात एकच ओळ उरली होती, ‘रोशन’. तिनं जमेल तसं सांगितलं, की तिनं फक्त दुबार ओळी काढल्या, तुमची नाही काढली, सेव्ह करताना काहीतरी झालं. सांगताना तिचं तिलाच ऐकू येत होतं की हे कसं वाटतं आहे.

कोकिळा बाहेर गेली आणि नवऱ्याला फोन लावला. भिंतीपलीकडून तिचं बोलणं येत होतं, त्याचं येत नव्हतं. परत आली तेव्हा तिनं आदेशभाऊंचा निरोप सांगितला. कशालाच हात लावायचा नाही. दिवस बुडायच्या आत तो डबा उचलून हिंगणघाटला न्यायचा, तिथला दुरुस्तीवाला सगळं पुसून नवं कोरं विंडोज टाकून देतो, मग ना याची ओळ ना त्याची.

मयुरीनं कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला. असले दुरुस्तीवाले आत काय आहे हे बघत नाहीत. सगळं पुसणं हा त्यांचा पहिलाच उपाय. कोकिळाच्या शेंगा, फुलं, घाटे, दोन वर्षांत काढलेलं सगळं चित्रकाम त्या डब्यात होतं आणि दुसरीकडे कुठंच नव्हतं. तिनं ते सांगितलं. हात जोडायचेच बाकी ठेवले.

“तुनं पुसलं का त्यानं पुसलं,” कोकिळा म्हणाली, “माह्यासाठी काय फरक पडते?”

“म्या पुसलं नाई, ताई. नाव तेवढं दिसून नाई राह्यलं. तुमचं सगळं जागच्या जागी हाय.”

“सातबाऱ्यावरून नाव गेल्यावर वावर बी जागच्या जागीच राह्यते वं मयुरी. ते कुठी जाते?”

कोकिळाच्या माहेरी, तळेगावला, तिच्या भावांनी तिच्याकडून हक्कसोड करून घेतली होती. साडीचोळी केली, पुरणपोळीचं जेवण घातलं आणि तहसीलच्या ओट्यावर सही घेतली. त्यानंतर राखीला गेली की ती वाकडी वाट करून त्या वावराच्या बांधावर जाऊन यायची. वावर तिथंच होतं. हे तिनंच एकदा पऱ्हाटीचं फूल काढता काढता मयुरीला सांगितलं होतं, आणि मग माउस नीट धरला होता.

मयुरीला एक सुचलं. घाईत सुचलं, म्हणून त्याच्या पुढचं काही तिला दिसलं नाही. ती म्हणाली की थांबा, दाखवते. आपल्याच भागातून तिनं हार्ड डिस्कचा दुसरा भाग उघडला. दोनदा टिचकी मारली, आणि कोकिळाचं घर पडद्यावर. कोकिळाचं फोल्डर, त्यात ‘शेंगा’, ‘फूल’, ‘काजलचं’. घाट्यांची वेल जशीच्या तशी, शेवटचा घाटा अर्धा राहिलेला.

तिला वाटलं होतं, कोकिळा सुटकेचा श्वास टाकेल. कोकिळा वाकून पाहत राहिली. मग सरळ झाली.

“म्हणजे तुले येता येत होतं,” ती म्हणाली. “इतके दिवस. तुह्या घरातून माह्या घरात.”

मयुरीनं माउस सोडला.

“आन मले वाटे भिंत हाय.”

“येता येत होतं, ताई,” मयुरी म्हणाली. “म्या आली नाई.”

“ते मले कसं कळन?”

ते कळण्यासारखं नव्हतंच. मयुरी आली नव्हती, हे मयुरीशिवाय कोणाला माहीत असणार? भिंत घातली तेव्हाच तिला ठाऊक होतं की ही काही विटांची भिंत नव्हे. न डोकावण्याची होती, तेवढीच होती. पण ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगावं असं वाटलंही नव्हतं. वाटणीच्या बैठकीत बायांना जेवढं विचारतात, तेवढंच त्यांनी सांगायचं असतं.

ती म्हणाली की घाट्याचं चित्र इथूनच पेन ड्राइव्हवर घालून देते, शेवटचा घाटा इथंच पुरा करा, म्हणजे आजचं काम तरी होईल. खरं तर झालंच होतं काम. दोन मिनिटांची गोष्ट होती.

कोकिळानं मान हलवली. “तुह्या दारातून नाई. माह्यं घर हाय तर मी माह्या दारातून जाईन. नसन, तर जाऊ दे, नेऊ दे त्याईले.”

एवढं बोलून ती निघून जाईल असं मयुरीला वाटलं. पण ती गेली नाही. खाटेच्या पायथ्याशी भिंतीला टेकून बसली, जशी काही पंचनाम्याला बसली आहे. या सगळ्या बोलण्यानं रक्षा उठली. डोळे चोळत, कोणाकडे जायचं याचा काही विचार न करता, ती मोठीआईच्या मांडीत जाऊन बसली. कोकिळानं रागातच तिचं नाक पदरानं पुसलं.

मग मयुरी कामाला लागली.

मोबाइलवर शोधता शोधता पहिली गोष्ट कळली. सुरुवातीच्या या ओळी दाखवणाऱ्या प्रोग्रामला ग्रब म्हणतात. त्याच्याकडे गावच्या कोतवालासारखा एक हरकाम्या असतो. ओळी नव्यानं मांडायच्या वेळी तो हार्ड डिस्कच्या प्रत्येक भागापुढे जातो, इथं कोणी राहतं का म्हणून पाहतो आणि येऊन सांगतो. कोणी राहत असेल तर त्याची ओळ लागते. शेवटच्या ओढाओढीनंतर कधीतरी मयुरीनं अपडेट केलं होतं, आणि नव्या ग्रबनं ठरवून टाकलं होतं की सुरक्षेपायी कोतवालाला फिरवायचं नाही, कोणी मुद्दाम सांगितल्याशिवाय. जुनी यादी होती तोवर चाललं. आज तिनं सेव्ह केलं, यादी नव्यानं झाली, आणि कोतवाल गेलाच नाही.

तिला इतकं हायसं वाटलं की ती उठून सांगायला लागली. कोकिळा म्हणाली की मले गोष्ट नको सांगू, ओळ दाखव.

सेटिंगच्या फायलीत तिनं एक ओळ लिहिली, कोतवालाला जाऊ द्या, अशा अर्थाची. पासवर्ड घातला, ओळी नव्यानं मांडायचा हुकूम सोडला. पडद्यावर अक्षरं धावली. तिचाच भाग सापडला. दुसरं काही सापडलं नाही. परत सोडला. परत तेच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. लाकडी बैल.

“पोरीचा फोटो लय चांगला हाय,” कोकिळा भिंतीकडून म्हणाली, “पण आता पाहून पाहून माह्ये डोळे दुखले.”

खाटेवरून खोकल्याचा आवाज आला. रूपराव जागेच होते, बहुतेक पहिल्यापासून. काय चाललं म्हणून त्यांनी विचारलं, आणि मयुरीनं मागे न वळता थोडक्यात सांगितलं, कारण वळली असती तर तोंड दिसलं असतं.

“माह्या बापाच्या वाटणीत भाऊबंद कुऱ्हाडी घेऊन उभे होते,” म्हातारा म्हणाला. “तुमी बऱ्या. बटना घेऊन बसल्या.”

कोकिळा हसली नाही, पण रक्षाच्या वेणीशी चाललेला तिचा हात जरा सैल पडला. रूपराव म्हणाले की विहिरीले पाळी लावली तशी याले बी पाळीच लावाची होती, भिंत कायले घातली. तेव्हा मात्र मयुरी वळली.

“मामाजी, तुमीच म्हणलं होतं. खोल्या नको, भिंत पाहिजे.”

“म्या म्हणलं?”

“तुमीच.”

म्हातारा छताकडे पाहत राहिला. “बैठकीत माणूस काई बी बोलते,” तो म्हणाला. “तुले येत होतं तर तू अडून काऊन नाई बसली?”

हे तिला लागलं. ती परत पडद्याकडे वळली. अडून बसणं म्हणजे काय, हे या घरात सून म्हणून आलेल्या बाईनं कधी करून पाहावं? पण तेवढंच कारण होतं का? वाटणी झाली त्या दिवसांत रक्षा जेमतेम अडीच वर्षांची होती, रात्रंदिवस किरकिर करायची. कोकिळाताईची अपेक्षा मोठी, घर शांत. आपलं दार वेगळं, आपला वेळ वेगळा, आपला एक कोपरा, ज्यात कोणाची वेल अर्धी राहिली म्हणून आपल्याला उठावं लागणार नाही. तो कोपरा तिलाही हवा होता. अर्धंमुर्धं बोलली ती काही नुसती भीतीपोटी नाही.

ती पुन्हा वाचू लागली. ग्रबची सगळी छोटी माणसं, म्हणजे त्याचे लहान लहान प्रोग्राम, जिथं राहतात ते फोल्डर तिनं उघडलं, आणि तिथं तिला ते दिसलं. कोतवाल होता, पण कोपऱ्यात. त्याचा चालण्याचा हक्कच काढून घेतलेला. टूलनं त्याला आत सारून त्याच्या जागी आपला माणूस बसवला होता. तो माणूस कोणालाही विचारायला जात नव्हता. कधीकाळी माउसनं ओढून ठरवलेली यादी तेवढी वाचून दाखवायचा, आणि त्या यादीतलं जे नाव आता जुळत नव्हतं, ते गाळून पुढे जायचा. इकडून ओढ, तिकडून ओढ, प्रत्येक वेळी टूलनं असा एकेक माणूस बसवला होता. फोल्डरमध्ये नुसती गर्दी झाली होती.

म्हणजे कोतवालाला सोडा म्हणून ती मघापासून ज्याला सांगत होती, तो कोतवाल नव्हताच.

तिनं ते टूल काढून टाकलं. त्याची एकेक माणसं नाव वाचून वाचून हटवली. मध्ये रक्षाला शी लागली. मयुरी उठणार तोच कोकिळा तिला घेऊन मागच्या अंगणात गेली. जाताना म्हणाली की तू हलू नको, भलतंच काही दाबशील. परत आली तेव्हा भिंतीपाशी न जाता मयुरीच्या बाजूच्या स्टुलावर बसली, रक्षाला मांडीवर घेऊन. मयुरीनं कोतवालाला बाहेर काढलं, त्याचा हक्क त्याला दिला आणि हुकूम सोडला.

अक्षरं धावली. थांबली. एवढा वेळ ती अशी कधी थांबली नव्हती. मग एक ओळ आली की दुसऱ्या भागात आणखी एक लिनक्स सापडलं.

“हे काय लिहिलं?” कोकिळानं विचारलं.

“तुमी सापडल्या म्हणते.”

कोकिळानं पडद्याजवळ तोंड नेलं. इंग्रजीत एक लांबलचक काहीतरी होतं, आकडे आणि तिरक्या रेघा. “यात कुठी हाय मी?”

मयुरीनं समजावलं की कोतवाल घर सांगतो, घरात कोण आहे ते सांगत नाही. नाव आपल्याला हातानं लिहावं लागतं. टूल आता नाही, तर तिनं एक साधी फाईल उघडली, जिथं आपली ओळ आपण लिहून ठेवता येते. पुढचं-मागचं सगळं लिहिलं आणि नावाची जागा रिकामी सोडली. बोटं सवयीनं ‘आ’ वर गेली होती. ती तिथंच थांबली. तिनं कीबोर्ड कोकिळाकडे सरकवला.

“तुमी लिहा.”

“मी काय लिहू?”

“जे लिहाचं ते. तुमचं दार हाय.”

कोकिळानं खाटेकडे पाहिलं. रूपरावांनी डोळे मिटून घेतले होते, झोपलेल्या माणसासारखे नव्हे, मिटून घेतलेले. बाहेर, लांब रस्त्यावर एक मोटारसायकल गेली आणि दोघींनीही ती आपल्याकडे वळते का ते ऐकलं. ती वळली नाही. कोकिळानं एका बोटानं एकेक कळ शोधली. ‘क’ पटकन सापडला. ‘ळ’ सापडायला वेळ लागला. मयुरीला ती कळ माहीत होती, पण तिनं दाखवली नाही.

मयुरीनं सेव्ह केलं. शेवटची एक गोष्ट तिनं विचारून केली. कोणी काही दाबलं नाही तर काय उघडायचं? कोकिळा म्हणाली की काहीच नाही, थांबू दे त्याले. मयुरीनं तसं लिहून ठेवलं, कोणी येऊन दाबेपर्यंत थांब.

मग तिनं कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काळा पडदा आला. या वेळी तो गेला नाही. त्यावर दोन ओळी उमटल्या. त्या पडद्यावर मराठी अक्षरं कधीच नीट जुळत नाहीत, वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे, लहान पोरानं लिहिल्यासारखी. पण वाचता येत होतं. वर ‘कोकिळा’. खाली ‘रोशन’.

कोकिळा बघत राहिली. बराच वेळ तिनं कळ दाबली नाही. तिनं विचारलं की त्याईले काय सांगू, त्याईचं नाव कुठी गेलं म्हणून विचारतीन. मयुरी म्हणाली की सांगा, वावर जागच्या जागी हाय. कोकिळाच्या तोंडून हसू निसटलं, आणि तिनं ते लगेच आवरलं, कारण अजून सगळं मिटलं नव्हतं, आणि तिला ते मिटल्यासारखं दाखवायचंही नव्हतं. “त्या चोरदाराचं काय करशीन?” तिनं विचारलं. मयुरीनं सांगितलं की तुमच्या भागाला कुलूप घालता येते, पूर्ण भागालाच. किल्ली फक्त तुमच्याकडे. त्याला वेळ लागेल, सगळी चित्रं आधी दुसरीकडे ठेवावी लागतील, उद्या दोघी मिळून करू. कोकिळा म्हणाली, पाहू.

तिच्या मांडीवर रक्षा वाकून पडद्याला नाक लावून पाहत होती. अंगणवाडीत तिला नुकतीच काही अक्षरं आली होती, आणि ओळखीचं अक्षर दिसलं की त्यावर बोट ठेवल्याशिवाय तिला राहवत नसे. तिनं खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

“हा र. रक्षाचा.”

“रोशन लिहिलं, बेटा,” मयुरी म्हणाली. “तुह्या बाबाचं नाव.”

“आन हे वरचं?”

“कोकिळा. मोठीआई.”

पोरीनं एकदा वरच्या ओळीकडे पाहिलं, एकदा खालच्या. मग ओळींच्या खाली, जिथं काहीच नव्हतं, त्या काळ्या जागेवरही तिनं बोट फिरवून पाहिलं.

“वर मोठीआईचं घर,” ती म्हणाली, “खाली बाबाचं घर. आई, मंग तू कोणत्यात राह्यतं?”

कीबोर्डवर ठेवलेलं बोट तसंच ठेवून कोकिळानंही मयुरीकडे पाहिलं.